अंथरुणाची चादर : निवड आणि पारख



'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. तिच्यात अंथरुणाची लांबी तेवढी विचारात घेतलेली आहे. ते अंथरूण कशाचे आहे, हा प्रश्न म्हण रचणाऱ्यास पडला नाही, कारण तसा प्रश्न पडावा अशी त्या काळी स्थितीच नव्हती. अंथरूण सुताचे असे, लोकरीचे असे, नाही तर गवताचे वा बांबूच्या पट्ट्यांचे असे. घोंगडी, पासोडी, चौघडी, वाकळ, सतरंजी अशी नावे निरनिराळी असली, तरी वनस्पती आणि मेंढी यांच्यापलीकडे कोणाची धाव गेलेली नव्हती. आमच्या घरी कोकणी बोलली जाते आणि कोकणीत अंथरुणास 'हांतरूण' म्हणतात. तेथेही हीच गोष्ट. आज मात्र बाजारात गेल्यावर एकाच रंगाच्या, एकाच फुलाच्या छपाईच्या दोन चादरी समोर येतात. त्यांतील एक शेतात पिकलेली असते आणि दुसरी खनिज तेलापासून कारखान्यात बनलेली असते. दोन्ही हातास सारख्याच मऊ लागतात. फरक कळतो तो रात्री दोन वाजता.

शाळा जूनमध्ये सुरू होते, तेव्हा पहिल्या तासाला निम्म्या वर्गाचे डोळे जड असतात, असा आमचा अनुभव आहे. उशिरापर्यंत दूरदर्शन पाहणारे किंवा भ्रमणध्वनी हाताळणारे काही असतात, हे खरे. परंतु विचारपूस केली असता, "रात्री अंगाला चादर चिकटते, घाम येतो, अंग खाजते," असेही उत्तर पुष्कळदा कानांवर येते. घर एका खोलीचे, छत पत्र्याचे, माणसे पाच-सहा, आणि वीज गेली की पंखा बंद. यांपैकी छत किंवा खोली बदलणे एकाएकी शक्य नसते. चादर मात्र बदलता येते. म्हणून या क्षुल्लक दिसणाऱ्या विषयावर चार पाने खर्च करण्याचे आम्ही ठरविले आहे.

प्रथम शरीराची बाजू पाहू. आपणास घाम आलेला दिसत नसला, तरी त्वचेवाटे पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते. दिवसाकाठी ती सुमारे ३०० ते ४०० मिलिलिटर भरते. उकाडा असला म्हणजे त्यात खऱ्या घामाची भर पडते. हा घाम वाळताना शरीरातील उष्णता घेऊन जातो. एक ग्रॅम घाम त्वचेवरून वाळला, की सुमारे ५८० कॅलरी उष्णता बाहेर पडते. म्हणजे ५८० ग्रॅम पाणी एका अंशाने तापविण्यास जेवढी उष्णता लागते तेवढी. मात्र येथे एक अट आहे. घाम वाळला पाहिजे. तो नुसता ओघळून गेला किंवा अंगाखाली साचून राहिला, तर शरीर थंड होत नाही. मग घामाची छिद्रे ओल्या त्वचेत कोंडतात आणि घामोळे उठते. आपल्या या मुलखात पावसाळ्यात २०० सेंटिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर हवा पाण्याने भरलेली असते. अशा हवेत घाम मुळातच सावकाश वाळतो, त्यात खाली न शोषणारे कापड असले म्हणजे झोपेचे काय होते, ते वेगळे सांगावयास नको.

चादर 'श्वास घेते' असे दुकानदार म्हणतो, तेव्हा त्या शब्दात वस्तुतः दोन निराळे गुण एकत्र आलेले असतात. एक गुण धाग्याचा आणि दुसरा विणीचा. हे दोन वेगळे ओळखले, की निम्मी पारख साधली.

धाग्याचा गुण म्हणजे पाणी आत घेण्याची शक्ती. पूर्ण वाळविलेला १०० ग्रॅम कापूस साधारण दमट हवेत नुसता ठेवला, तरी तो हवेतून सुमारे ८ ग्रॅम पाणी ओढून घेतो आणि तरीही हातास कोरडाच लागतो. लिनन आणि लोकर याहूनही अधिक घेतात. पॉलिएस्टर मात्र १०० ग्रॅमांस अर्धा ग्रॅमसुद्धा घेत नाही. त्याचे कारण उघड आहे. कापसाचा तंतू म्हणजे सेल्युलोज. त्याच्या रेणूस पाण्याची ओढ आहे. पॉलिएस्टर हे ज्या पदार्थाचे होते, त्याच पदार्थाच्या पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या होतात. आणि बाटलीने पाणी पिऊन टाकावे अशी अपेक्षा कोणी करत नाही!

विणीचा गुण म्हणजे हवा जाऊ देण्याची शक्ती. धाग्याधाग्यांत मोकळी जागा असेल तर हवा आणि वाफ जाते, मग धागा कोणताही असो. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सुती तेवढे हवेशीर आणि पॉलिएस्टर तेवढे गच्च, असे सरसकट म्हणता येत नाही. विरळ विणीचे पॉलिएस्टर हवा सोडते, आणि अतिशय दाट विणलेले सुती कापड ती अडविते. परंतु चादरीवर आपण झोपलेले असतो. पाठीखालून वारा जाण्यास वाव नसतो, तेथे हवेपेक्षा पाणी टिपणाऱ्या धाग्याचे महत्त्व अधिक. म्हणून अंथरण्याच्या चादरीत धागा आधी पाहावा आणि पांघरण्याच्या चादरीत वीण आधी पाहावी, असे आमचे मत आहे.

आता थोडे आपल्या गावाविषयी. १९५४ साली पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झालेला आणि १९६१ साली भारतात विधिवत सामील झालेला दादरा-नगर हवेलीचा हा प्रदेश मूळचा शेती आणि जंगलाचा. पुढे करसवलती मिळाल्या, कारखाने आले, आणि पॉलिएस्टरच्या सुताला कुरळेपणा देण्याच्या उद्योगात सिल्वासाचे नाव देशभर झाले. हे काम कसे चालते, ते तुमच्यापैकी अनेकांच्या वडिलांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. अर्धवट ताणलेले गुळगुळीत सूत तापलेल्या मार्गाने नेतात, फिरत्या चकत्यांच्या घर्षणाने त्याला पीळ देतात व तो पीळ पुन्हा सोडवितात. तापल्यामुळे पिळाची आठवण सुतात राहते आणि सरळसोट धागा फुगीर व कुरळा होतो. या फुगीरपणामुळेच ते कापड हातास कापसासारखे मऊ लागते.

ज्या सुतावर आपल्या गावातील कित्येक घरांची चूल पेटते, त्याची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. पॉलिएस्टर बळकट आहे, आटत नाही, त्याला सुरकुती पडत नाही, आणि पावसाळ्यात ते तासाभरात वाळते. दप्तर, छत्री, पडदे, शाळेचा गणवेश, दोरखंड यांच्यासाठी ते उत्तम. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी तो धागा शोधला, तेव्हा तो माणसाच्या कल्पकतेचा विजयच होता. पण चांगली वस्तूही आपल्या जागी शोभते. लोखंड चांगले, म्हणून कोणी त्याची उशी करीत नाही.

बाजारात 'मायक्रोफायबर' या नावाने ज्या अतिमऊ, हलक्या आणि स्वस्त चादरी मिळतात, त्या बहुतांशी पॉलिएस्टरच्याच असतात. कृत्रिम धाग्याची जाडी 'डेनियर' या मापाने मोजतात. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचे डेनियर. मायक्रोफायबरचा तंतू एक डेनियर किंवा त्याहून बारीक असतो. म्हणजे नऊ किलोमीटर लांबीचा तंतू तराजूत घातला, तर एक ग्रॅमही भरणार नाही. इतका बारीक तंतू मऊ लागणारच. दुकानात कोरड्या हाताने दोन क्षण स्पर्श करून जी मऊपणाची ग्वाही मिळते, ती थंडीच्या दिवसांपुरती खरी मानावी.

सुती सुताचे माप याच्या उलट आहे. एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅमांत, ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात, तो त्या सुताचा नंबर. जितका नंबर मोठा तितके सूत बारीक. ६० नंबरच्या एक पौंड सुताची लांबी ५०,४०० वार, म्हणजे सुमारे ४६ किलोमीटर होते. त्याचे एक टोक सिल्वासात बांधून वापीपर्यंत जावे आणि परत यावे, तरी हातात सूत उरेल. रोजच्या चादरीस ३० ते ६० नंबरच्या दरम्यानचे सूत पुरेसे असते.

दुकानातील वेष्टनावर बहुधा दुसराच आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. तो धाग्यांच्या संख्येचा. एका चौरस इंचात उभे आणि आडवे, म्हणजे ताणा आणि बाणा, मिळून किती धागे आहेत, ते हा आकडा सांगतो. उभे १०० आणि आडवे १००, तर संख्या २००. आपल्याकडील हवामानात साध्या विणीची २०० ते ३०० संख्येची चादर उत्तम. परंतु लोकांचा समज असा, की आकडा जितका मोठा तितकी चादर उंची. मग विक्रेते ६००, ८००, १,००० असे आकडे छापू लागतात. एका इंचात इतके धागे बसवावयाचे कसे? याची एक युक्ती आहे. दोन बारीक सुते एकत्र पिळून एक धागा करावयाचा आणि मोजताना मात्र तो दोन धरावयाचा. अशाने ३०० ची चादर रातोरात ६०० ची होते! अशा मोजणीने ग्राहकाची दिशाभूल होऊ शकते, असे मत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अधिकाऱ्यांनी २००५ साली दिले. आणि आकडा खरा असला, तरी इतकी दाट चादर आपल्या उकाड्यात सोयीची नव्हे, हे वर आलेच आहे.

विणीचे तीन प्रकार ध्यानात ठेवावेत. साध्या विणीत आडवा धागा एकाआड एक उभ्या धाग्याच्या वरून आणि खालून जातो. कापड टिकाऊ, किंचित खरखरीत आणि हवेशीर होते. तिरक्या विणीत तिरप्या रेषा उमटतात. कापड जाड होते. साटीन विणीत धागा तीन-चार धाग्यांवरून तरंगत जातो, म्हणून कापडाला चकाकी आणि गुळगुळीतपणा येतो, पण ते दाट होते आणि त्याचे धागे लवकर ओढले जातात. साटीन म्हणजे रेशीम नव्हे. ते विणीचे नाव आहे. ते सुती असू शकते आणि पॉलिएस्टरचेही असू शकते.

वेष्टनावरील शब्दांविषयी एक मोठे प्रकरण आपल्या शेजारच्या उद्योगात घडले, ते येथे सांगण्याजोगे आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेतील टार्गेट या विक्रेत्या कंपनीने जाहीर केले, की वेलस्पन इंडिया या कंपनीने पुरविलेल्या सुमारे साडेसात लाख चादरी व अभ्रे 'इजिप्शियन कापूस' या नावाने विकले गेले, पण ऑगस्ट २०१४ ते जुलै २०१६ या काळात त्यांत दुसऱ्या जातीचा कापूस वापरलेला होता. या कंपनीचा एक कारखाना आपल्यापासून जवळच, वापी येथे आहे. टार्गेटने तिच्याशी व्यवहार तोडला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले. यानंतर वेलस्पनने कापसाच्या गाठीपासून तयार चादरीपर्यंत माग ठेवण्याची पद्धत सुरू केली. लांब तंतूच्या कापसाची सुते गुळगुळीत होतात, कारण त्यांत सुटी टोके कमी असतात. म्हणून त्याला भाव अधिक. आपल्या देशातही 'सुविन' नावाची अतिशय लांब तंतूची जात १९७४ साली कोइमतूर येथे तयार झाली आहे. ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही, की चादरी कापसाच्याच होत्या आणि तरीही हजारो ग्राहकांच्या हातांना किंवा डोळ्यांना फरक कळला नाही. कापूस आणि पॉलिएस्टर यांतील फरक मात्र घरी कळतो, आणि आपणास तोच पुरे आहे.

हल्ली 'बांबूची चादर' म्हणूनही एक प्रकार विकला जातो. आपल्या डोंगरांत बांबू उदंड, म्हणून हे नाव ऐकून आपणास आपुलकी वाटेल. परंतु बहुतेक ठिकाणी बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्याचा धागा ओढलेला असतो. त्याचे खरे नाव व्हिस्कोस. व्हिस्कोस पाणी चांगले शोषते, कापसापेक्षाही अधिक. म्हणून चादर वाईट असते असे नाही. मात्र ओले झाल्यावर त्याचे बळ बरेच घटते, तेव्हा धोका दगडावर आपटून धुण्याचा! व्हिस्कोसला नुसते 'बांबू' म्हणून विकल्याबद्दल २००९ साली अमेरिकेत काही विक्रेत्यांवर कारवाईही झाली.

आता पारख कशी करावी ते सांगतो. सर्वांत आधी वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचावी. 'कॉटन फील', 'ग्लेस कॉटन', 'कॉटन मिक्स' असे शब्द आले, की सावध व्हावे; 'शंभर टक्के कॉटन' असे स्पष्ट छापलेले असले पाहिजे. नंतर चादरीची एक घडी उजेडाकडे धरावी. उजेड बारीक ठिपक्यांनी सारखा झिरपला तर वीण ठीक. कोठे दाट, कोठे विरळ दिसली तर ती चादर लवकर फाटेल. मग मुठीत कोपरा दाबून सोडावा. सुती कापडाला चुणी पडते आणि ती राहते. पॉलिएस्टर पुन्हा सपाट होते. चुणी न पडणारी चादर पाहून आपण खूश होतो, तेथेच फसतो. पाण्याचा थेंब टाकून पाहण्याची रीत प्रसिद्ध आहे, पण नव्या सुती कापडावर खळ असते आणि खळीवर थेंब थांबून राहतो. म्हणून ती परीक्षा एकदा धुतल्यावरच करावी.

निर्णायक परीक्षा जाळण्याची. चादरीच्या काठाचे दोन-तीन धागे काढून, चिमट्यात धरून, खाली पाण्याचे भांडे ठेवून, घरातील मोठ्या माणसाच्या समक्षच त्यांस ज्योत लावावी. सुती धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचाच वास येतो आणि बोटाने चुरडली जाणारी करडी राख उरते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसते, वितळते आणि गार झाल्यावर कठीण काळा मणी होतो. दोन्ही गोष्टी झाल्या, तर सूत मिश्र. वितळता थेंब त्वचेस चिकटून खोल भाजतो, म्हणून ही परीक्षा मुलांनी एकट्याने मुळीच करू नये.

पैशाचा प्रश्न उरतो आणि तो खरा आहे. सुती चादर महाग पडते. यावर आपल्या घरांतील जुन्या बायकांनी काढलेला मार्ग आजही उपयोगी आहे. तयार चादर न घेता ताग्यातून सुती कापड मीटरवर घ्यावे आणि काठ शिवून घ्यावेत. पन्हा अपुरा असेल तर दोन तुकड्यांना मध्ये दंड घालावा. मांजरपाटाची चादर पहिले काही दिवस अंगाला बोचते, पण दहा-बारा धुण्यांनंतर तिच्यासारखी चादर नाही. जुने धोतर दुहेरी करून अंथरण्याची चाल तर कोकणापासून येथपर्यंत सर्वत्र होती. आणि गोधडी! जुनी सुती लुगडी आणि धोतरे यांचे थर धावदोऱ्याने एकत्र टाचलेले. धुऊन धुऊन त्यातील खळ गेलेली, तंतू मोकळे झालेले, थरांत हवा कोंडलेली. ती उन्हाळ्यात घाम टिपते आणि थंडीत ऊब देते. परंतु हल्ली घरोघरी नेसल्या जाणाऱ्या साड्या कृत्रिम धाग्याच्या आहेत, आणि त्यांची गोधडी दिसावयास जुन्या गोधडीसारखीच असली तरी अंगास तशी लागत नाही. आजीची गोधडी आणि आईची गोधडी यांतील हा फरक टाक्यातला नाही, कापडातला आहे.

सोलापुरी चादरीची गोष्ट निराळी. भौगोलिक मानांकन मिळालेली ही जाड सुती चादर जॅकार्ड मागावर विणली जाते, त्यामुळे तिची नक्षी छापलेली नसून विणीतच असते. पांघरण्यास व हिवाळ्यात अंथरण्यास ती उत्तम. पण भर पावसाळ्यात ती दोन-दोन दिवस वाळत नाही. तेव्हा ती गुंडाळून ठेवावी आणि पातळ चादरी काढाव्यात.

माप घेताना गादीची लांबी-रुंदी आणि दोन्ही बाजूंची दुमड धरून वर चार-पाच इंच अधिक घ्यावे. सुती कापड पहिल्या धुण्यांत शेकडा तीन ते पाच आटते. ९० इंच चादर शेकडा पाचाने आटली तर साडेचार इंच गेले. गडद रंगाची चादर घ्यावयाची झाल्यास ओला पांढरा रुमाल तिच्या कोपऱ्यावर घासून पाहावा. आणि एक सूचना आवर्जून : नवी गादी आणल्यावर तिचे प्लॅस्टिकचे वेष्टन खराब होऊ नये म्हणून तसेच ठेवण्याची सवय पुष्कळ घरांत आढळते. त्यावर कितीही चांगली सुती चादर घातली, तरी खाली प्लॅस्टिकच आहे. वेष्टन काढून टाकावे.

आठवड्यातून एकदा चादर धुवावी. एका अंथरुणावर दोघे-तिघे झोपत असतील तर दोनदा. घरात किंवा वसतिगृहात कोणास खरूज झाली असेल, तर औषधाबरोबरच चादरी, अभ्रे आणि कपडे कढत पाण्यात धुऊन उन्हात वाळविले पाहिजेत. खरजेचा किडा माणसाच्या अंगावाचून दोन-तीन दिवसांहून अधिक जगत नाही. म्हणून जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावे. पावसाळ्यात चादर दोरीवर दुहेरी न टाकता एकेरी पसरावी, आणि अर्धवट ओली घडी करून कपाटात कधीही ठेवू नये. तिला बुरशीचा वास लागतो आणि तो सहजासहजी जात नाही.

ज्यांना प्रयोगाची हौस असेल त्यांनी सुती आणि पॉलिएस्टर कापडाचे एक-एक फूट चौरस तुकडे कापून घ्यावेत, खळ जाईपर्यंत धुवावेत, दुपारच्या कडक उन्हात पूर्ण वाळवून लगेच प्रयोगशाळेतील तराजूवर तोलावेत. नंतर ते रात्रभर खोलीत टांगून सकाळी पुन्हा तोलावेत. मे महिन्यात एकदा आणि जुलैत ऊन पडेल त्या दिवशी एकदा, अशी दोनदा वजने घेऊन ती वहीत नोंदवावीत. नोंदी व्यवस्थित असल्यास त्या पुढील अंकासाठी आमच्याकडे आणून द्याव्यात.